अमेरिकेंतील इस्पितळें : दरिद्रगृहापासून आजपावेतों

आमच्या धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत देवळाचा, शाळेचा व पतपेढीचा इतिहास इतर बंधूंनीं लिहिला आहे. आम्हांला मात्र जो विषय सुचला तो दूरदेशींचा आहे, व तो कां सुचला हें आरंभींच सांगणें बरें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या धर्मग्रामांतील एक वयस्क बाई आम्हांस भेटावयास आल्या. त्यांची मुलगी अमेरिकेंत परिचारिका आहे. मुलीच्या बाळंतपणासाठीं म्हणून ह्या बाई तिकडे गेल्या आणि तेथें त्याच आजारी पडल्या. तीन रात्री एका इस्पितळांत काढून त्या बऱ्या झाल्या व परत आल्या. परंतु मागाहून जें बिल आलें त्याची रक्कम रुपयांत मांडली तेव्हां ती आमच्या धर्मग्रामाच्या वर्षाच्या जमाखर्चाहून मोठी भरली. बाईंनीं तो कागद आमच्या मेजावर ठेवला आणि म्हटलें, “फादर, इस्पितळावर संताचें नांव आहे, आंत क्रूस टांगलेला आहे. मग एवढे पैसे कसे मागतात?”

प्रश्न साधा होता. उत्तर आम्हांस त्या क्षणीं देतां आलें नाहीं. पुढें त्याचा शोध घेतां घेतां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों.

‘इस्पितळ’ हा शब्द आमच्या पूर्वजांनीं पोर्तुगीजांपासून घेतला. त्याचें मूळ लॅटिन भाषेंत असून तेथें त्याचा संबंध पाहुण्याशीं, अतिथीशीं आहे. सेमिनरींत लॅटिन शिकतांना आमच्या गुरुजींनीं सांगितलेलें आम्हांस आठवतें कीं, ‘हॉटेल’ हा शब्दहि त्याच मुळाची फांदी आहे. एकाच घरांतून निघालेल्या ह्या दोन बहिणींपैकीं एक पैसे घेऊन पाहुण्यास ठेविते, दुसरी न घेतां ठेवीत असे. अमेरिकेंतील इस्पितळांचा अडीचशें वर्षांचा इतिहास वाचतांना ही गोष्ट वारंवार मनांत येते.

त्या देशांत इंग्रजांच्या वसाहती होत्या त्या काळीं आजारी माणसानें आपल्या घरींच पडून राहावें अशी रीत होती. डॉक्टर घरीं येई, शुश्रूषा आई-बहिणी करीत. ज्यास घर नाहीं, माणूस नाहीं, अशा निराधारासाठीं शहरांत दरिद्रगृहें असत. त्यांत भिकारी, वेडे, अनाथ, म्हातारे व आजारी सर्व एकत्र कोंडलेले असत. न्यूयॉर्क येथें 1736 सालीं अशाच एका दरिद्रगृहांत आजाऱ्यांसाठीं सहा खाटांची एक खोली वेगळी काढली गेली. तीच पुढें वाढत जाऊन बेलव्ह्यू नांवाचें प्रचंड इस्पितळ झाली. तें आजहि चालू आहे. त्याच 1736 सालीं न्यू ऑर्लिन्स ह्या त्या वेळच्या फ्रेंच गांवीं जीन लुई नामक एका नावाड्याच्या मृत्युपत्रांतील पैशांतून गोरगरिबांसाठीं इस्पितळ निघालें. हा मनुष्य पुढें नावा बांधण्याचा धंदा करीत असे. त्याचें हें इस्पितळ ‘चॅरिटी’ म्हणजे ‘धर्मादाय’ ह्याच नांवानें ओळखलें गेलें. 1834 पासून धर्मभगिनींनीं तेथें सेवा केली, आणि 2005 सालच्या कतरिना वादळांत पाण्याखालीं जाऊन तें बंद पडलें.

दरिद्रगृहाशीं संबंध नसलेलें, केवळ रोग्यांसाठींच म्हणून काढलेलें पहिलें इस्पितळ फिलाडेल्फिया शहरांत 1751 सालीं स्थापन झालें. कल्पना डॉ. थॉमस बाँड ह्यांची. परंतु वर्गणी जमेना, म्हणून ते बेंजामिन फ्रँकलिनकडे गेले. कायदेमंडळांतील खेड्यापाड्यांचे सभासद म्हणत कीं ह्याचा लाभ शहरालाच होणार, शिवाय लोकांकडून पैसा जमणारच नाहीं. फ्रँकलिननें युक्ति केली. लोकांनीं आधीं दोन हजार पौंड जमविले तरच सरकारनें तितकेच द्यावे, असा ठराव त्यानें मांडला. रक्कम जमणार नाहीं ह्या खात्रीनें सभासदांनीं फुकटची उदारता दाखविली. आणि आपला पैसा दुप्पट होतो हें पाहून लोकांनीं भराभर वर्गण्या भरल्या. ह्या लबाडीबद्दल आपल्या मनाला फारसा सल वाटला नाहीं, अशा आशयाचें त्यानें आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. देवळाच्या बांधकामासाठीं वर्गणी गोळा करणाऱ्या आमच्यासारख्यास त्याचा थोडा हेवा वाटतो. ह्या इस्पितळाच्या मुद्रेवर दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याचें चित्र कोरलें गेलें. त्या दाखल्यांत जखमी माणसाच्या खर्चाची हमी कोण घेतो हें वाचकांस ठाऊक आहेच.

तथापि सर्वांना आंत घेत असत असें नव्हे. बरा न होणारा रोगी व सांथीचा रोगी ह्यांस दार बंद असे. प्रतिष्ठित माणसाच्या शिफारसीवांचून प्रवेश मिळणें कठीण, कारण ‘लायक गरीब’ आणि ‘नालायक गरीब’ असा भेद तेव्हां मानीत. उलट पक्षीं सधन माणूस तेथें पाऊल टाकीत नसे. इस्पितळांत जाणें म्हणजे आपल्याला कोणी नाहीं असें जगजाहीर करणें. आमच्याकडेहि जुनीं माणसें इस्पितळाचें नांव काढतांच क्रूसाची खूण करीत. तेव्हां हें आम्हांस समजण्यास अवघड जाऊं नये.

एक निराळा प्रकार 1798 सालीं निघाला. खलाशी परक्या बंदरांत आजारी पडे तेव्हां त्याचें कोणीच नसे. म्हणून अमेरिकन सरकारनें कायदा करून प्रत्येक खलाशाच्या पगारांतून दरमहा वीस सेंट कापावयाचे व त्यांतून बंदरोबंदरीं त्यांच्यासाठीं इस्पितळें चालवावयाचीं अशी व्यवस्था केली. आज ज्यास आपण आरोग्यविमा म्हणतों त्याचें हें त्या देशांतील पहिलें बीज होय. ज्यांच्या घरचे पुरुष बोटीवर नोकरी करीत आले त्या कुटुंबांस ह्यांतील मर्म कळेल.

आतां धर्मभगिनींकडे वळूं. एलिझाबेथ सीटन ह्या विधवा मातेनें 1809 सालीं एमिट्सबर्ग येथें भगिनीसंघ स्थापिला. ह्या माउलीस 1975 सालीं संतपद मिळालें. तिच्या संघांतील चार भगिनी 1828 सालीं मिसिसिपी नदीकांठच्या सेंट लुई गांवीं पोंचल्या आणि जॉन म्युलन्फी ह्या धनिक व्यापाऱ्याच्या आश्रयानें त्यांनीं लांकडी ओंडक्यांच्या एका घरांत इस्पितळ मांडलें. चार वर्षांत तेथें पटकीची सांथ आली. जें काम पगारी नोकर टाकून पळत तें ह्या बायका करीत राहिल्या. लोकांचा संशय मात्र लवकर फिटला नाहीं; 1834 सालीं बॉस्टनजवळ अर्सुलाईन भगिनींचा मठ जमावानें जाळून टाकला होता, हें येथें विसरतां कामा नये. पुढें 1861 ते 1865 ह्या काळांत तेथें यादवी युद्ध झालें. प्रशिक्षित परिचारिका देशांत नव्हत्याच. तेव्हां निरनिराळ्या संघांच्या सहाशेंहून अधिक भगिनींनीं दोन्ही बाजूंच्या जखमी शिपायांची शुश्रूषा केली. ज्या शिपायानें जन्मांत मठवासिनी पाहिली नव्हती, त्यानें डोळे उघडले तों समोर पांढरा शिरोवेष! वॉशिंग्टन शहरांत 1924 सालीं ह्या भगिनींचें स्मारक उभें राहिलें.

आयर्लंड, जर्मनी, इटली, पोलंड येथून गलबतें भरभरून लोक येऊं लागले तशीं प्रत्येक समाजानें आपआपलीं इस्पितळें काढलीं. ह्यांत केवळ अभिमान नव्हता. मरणोन्मुख कॅथोलिकास धर्मगुरु भेटावा, अंत्य तैलाभ्यंग मिळावें, ही तळमळ होती; कांहीं सरकारी इस्पितळांत धर्मगुरूस आंत जाऊं देण्याचीहि खळखळ होत असे. यहुदी लोकांनीं न्यूयॉर्क येथें 1852 सालीं आपलें इस्पितळ स्थापिलें, त्यांत आपल्या शास्त्राप्रमाणें अन्न मिळावें हा एक हेतु होता. तेंच पुढें माउंट सिनाय ह्या नांवानें विख्यात झालें.

येथपर्यंत इस्पितळ हें आसरा देण्याचें ठिकाण होतें. बरें होण्याचें ठिकाण तें फारसें नव्हतें. फरक पडला तो तीन-चार गोष्टींनीं. बॉस्टनच्या मॅसाच्युसेट्स जनरल इस्पितळांत 16 ऑक्टोबर 1846 रोजीं मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें रोग्यास ईथरची गुंगी दिली व डॉ. वॉरन ह्यांनीं वेदनेवांचून शस्त्रक्रिया केली. वेदना गेली, पण जखम चिघळून माणसें मरतच होतीं. लिस्टरनें 1867 सालीं जंतुनाशक कार्बोलिकची रीत प्रसिद्ध केली, आणि हळूहळू तीहि भीति ओसरली. 1873 सालीं न्यूयॉर्क, न्यू हेवन व बॉस्टन येथें परिचारिकांच्या शाळा निघाल्या. 1895 सालीं क्ष-किरणांचा शोध लागला. आतां जीं उपकरणें व जी स्वच्छता हवी ती घरच्या माजघरांत मिळेना. म्हणून श्रीमंतहि इस्पितळाच्या दाराशीं आले. 1873 च्या सुमारास झालेल्या गणतींत त्या विस्तीर्ण देशांत इस्पितळें भरलीं अवघीं 178. 1909 सालीं तीं 4,359 झालीं. आमच्या महाराष्ट्राच्या कन्या डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास शिकून 1886 सालीं पदवीधर झाल्या, त्या ह्याच पालटाच्या भरांत.

ह्या काळांतील एक हकीकत आम्हांस विशेष प्रिय आहे. मिनेसोटा संस्थानांत रॉचेस्टर नांवाचें लहानसें गांव. 21 ऑगस्ट 1883 रोजीं तेथें भयंकर चक्रीवादळ झालें. तीसांहून अधिक माणसें मेलीं, शेंकडों जखमी झालीं. गांवीं इस्पितळ नव्हतें. जखमींना नाचघरांत गाद्या टाकून ठेविलें, आणि डॉ. विल्यम मेयो ह्यांनीं फ्रान्सिस्कन भगिनींकडे मदत मागितली. ह्या भगिनी शाळा चालविणाऱ्या. शुश्रूषेचें शिक्षण त्यांना नव्हतें. तरी त्या आल्या. वादळाची धूळ बसल्यावर त्यांच्या मठाध्यक्षा मदर आल्फ्रेड डॉक्टरांकडे गेल्या व म्हणाल्या, आम्ही इस्पितळ बांधूं, तुम्ही तें पाहावें. डॉक्टर म्हणाले, गांव लहान आहे, खर्च फार येईल, आणि यश येईल असें दिसत नाहीं. मदरनीं हेका सोडला नाहीं. मग सहा वर्षें ह्या भगिनींनीं शाळेंत शिकवून, संगीताचे धडे देऊन, शिवणकाम करून, पोटाला चिमटा घेऊन पैसा सांठविला. 1889 सालीं सेंट मेरीज इस्पितळ उघडलें, खाटा सत्तावीस. मेयो कुटुंब कॅथोलिक नव्हतें, आणि मठाच्या इस्पितळांत काम केल्याबद्दल त्यांना गांवांत बोल ऐकावे लागले. शिवाय इस्पितळ कोणत्याहि धर्माच्या रोग्यास खुलें असावें असें दोन्ही पक्षांनीं ठरविलें होतें.

भगिनींस शुश्रूषा शिकविली ती एडिथ ग्रॅहॅम नामक एका तरुण परिचारिकेनें, जी पुढें डॉक्टरांच्या धाकट्या मुलाशीं विवाहबद्ध झाली. शिकणाऱ्यांपैकीं एक सिस्टर जोसेफ डेम्प्सी. 1892 पासून 1939 पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षें, ह्या भगिनीनें तें इस्पितळ चालविलें आणि त्यांतील बरींच वर्षें थोरल्या मुलाच्या, डॉ. विल्यम मेयो ह्यांच्या, शस्त्रक्रियेच्या मेजापाशीं पहिली साहाय्यक म्हणून उभी राहिली. पोटांतील कर्करोग पसरला असतां बेंबीपाशीं एक कठीण गांठ लागते, हें रोग्यांस शस्त्रक्रियेसाठीं तयार करतांना तिच्या ध्यानीं आलें. ती खूण आजहि जगभर वैद्यकाच्या पुस्तकांत तिच्या नांवानें शिकवितात. 1939 सालींच ती वारली, आणि त्याच वर्षीं ते दोघे डॉक्टर बंधूहि वारले. आज जगभरांतून रोगी ज्या मेयो क्लिनिककडे धांव घेतात, त्याचा पाया हा असा घातला गेला.

येथवर लिहिलें तें गौरवाचें. पण इतिहास लिहावयाचा तर दुसरी बाजू झांकतां येत नाहीं. काळ्या लोकांना बहुतेक इस्पितळांत प्रवेश नसे, किंवा तळघरांतील वेगळ्या खोलींत ठेवीत. काळ्या डॉक्टरास काम व काळ्या मुलीस शिक्षण मिळत नसे. म्हणून डॉ. डॅनियल हेल विल्यम्स ह्यांनीं शिकागो येथें 1891 सालीं प्रॉव्हिडंट इस्पितळ काढलें. कॅथोलिक इस्पितळें ह्या पापापासून अलिप्त होतीं असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. कित्येकांनीं देशाची रीत निमूटपणें पाळली. 1946 च्या हिल-बर्टन कायद्यानें सरकारी पैशांतून गांवोगांवीं इस्पितळें बांधलीं गेलीं, त्यांतहि काळ्या-गोऱ्यांसाठीं वेगळ्या इमारती चालतील असें कलम होतें. ग्रीन्सबरो येथील खटल्यांत 1963 सालीं न्यायालयानें तें कलम रद्द ठरविलें. मग 1965 सालीं म्हाताऱ्यांसाठीं मेडिकेअर व गरिबांसाठीं मेडिकेड अशा दोन सरकारी योजना आल्या; भेदभाव करणाऱ्या इस्पितळास हा पैसा मिळणार नाहीं असें सांगतांच, जें शंभर वर्षें उपदेशानें झालें नाहीं तें अनेक ठिकाणीं कांहीं महिन्यांत झालें.

इस्पितळ चांगलें कीं वाईट हें ठरवावें कसें? अमेरिकन शल्यवैद्यांच्या महाविद्यालयानें 1917 सालीं कांहीं किमान नियम केले : प्रत्येक रोग्याची नोंद असावी, डॉक्टरांनीं वरचेवर एकत्र बसून आपलें काम तपासावें, प्रयोगशाळा व क्ष-किरणाची सोय असावी. ह्यांत अवघड तें काय, असें वाटेल. पण शंभर व अधिक खाटांचीं 692 इस्पितळें तपासलीं तेव्हां त्यांतील केवळ 89 उत्तीर्ण झालीं. अनुत्तीर्णांत देशांतील नामांकित इस्पितळें होतीं. तेव्हां 1919 सालीं न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉटेलच्या भट्टींत ती यादीच जाळून टाकण्यांत आली! कॅथोलिक इस्पितळांची संघटना 1915 सालीं येशूसंघीय फादर मोलिनियर ह्यांनीं उभारली होती, आणि त्यांनीं हे नियम भगिनींच्या गळीं उतरविण्यासाठीं देशभर फिरून फार खटपट केली. पुण्याईवर जखम भरत नाहीं, नोंदवही लागते, हें आपल्याच माणसांस सांगणें सोपें नसतें.

हीं इस्पितळें चालतात कशीं, हें थोडक्यांत सांगतों. वर विश्वस्तमंडळ असतें. तें मालमत्ता व पैसा पाहतें. त्याखालीं व्यवस्थापक असतो. पूर्वीं ह्या जागीं पुष्कळ ठिकाणीं मठाध्यक्षा असे. तिसरी सत्ता डॉक्टरांची. नवल हें कीं हे डॉक्टर बराच काळ इस्पितळाचे नोकर नव्हते. आपले रोगी तेथें आणण्याचा त्यांना हक्क असे व ते आपली फी वेगळी घेत. आतां मात्र नोकरींत असलेल्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे. तरी बाईंच्या हातीं एकाच आजाराचीं दोन-तीन बिलें कां आलीं त्याचें कारण ह्या जुन्या रीतींत आहे. रात्रंदिवस वॉर्डांत राबणारे तरुण शिकाऊ डॉक्टर ही पद्धत बाल्टिमोर येथें 1889 सालीं उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळानें रूढ केली.

आतां पैशाची गोष्ट. 1929 सालीं डॅलस शहरांत जस्टिन किंबल ह्या गृहस्थानें शाळाशिक्षकांसाठीं योजना काढली : दरमहा पन्नास सेंट भरावे, आणि आजारी पडल्यास बेलर इस्पितळांत एकवीस दिवस राहावें. लागलीच मंदी आली, इस्पितळांच्या खाटा रिकाम्या पडल्या, आणि ही योजना ठिकठिकाणीं उचलली गेली. दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें पगारवाढीस बंदी केली, तेव्हां कारखानदारांनीं कामगार टिकविण्यासाठीं पगाराऐवजीं विमा देऊं केला. तेव्हांपासून त्या देशांत आजारपणाची चिंता नोकरीशीं जखडली गेली. नोकरी गेली कीं विमाहि जातो. विमाकंपनी व सरकार पैसे देतात म्हटल्यावर खर्च वाढत गेला. त्यास आळा म्हणून 1983 पासून मेडिकेअरनें रोगाच्या प्रकारावरून ठराविक रक्कम द्यावयास सुरुवात केली. रोगी लवकर घरीं पाठविण्याची घाई त्यानंतर वाढली.

आज तेथें सहा हजारांच्या आसपास इस्पितळें आहेत. कांहीं मध्यवर्ती सरकारचीं, जशीं माजी सैनिकांसाठीं असलेलीं. कांहीं संस्थानांचीं व जिल्ह्यांचीं. कांहीं भागधारकांना नफा वांटणाऱ्या कंपन्यांचीं. आणि सर्वांत अधिक विनानफा संस्थांचीं, ज्यांत सहाशेंच्या वर कॅथोलिक इस्पितळें येतात. मुलांसाठीं, मनोरुग्णांसाठीं वेगळीं आहेत. दूरच्या खेड्यांसाठीं 1997 च्या कायद्यान्वयें पंचवीस खाटांच्या आंतलीं लहान इस्पितळें राखलीं आहेत. लुइझियानांत कारव्हिल येथें कुष्ठरोग्यांचें इस्पितळ 1999 पर्यंत होतें; तेथें 1896 पासून धर्मभगिनींनीं सेवा केली.

आणि मेम्फिस येथें 1962 सालीं उघडलेलें सेंट ज्यूड हें मुलांचें इस्पितळ. डॅनी थॉमस ह्या लेबनीज वंशाच्या कॅथोलिक विनोदी नटानें संत ज्यूडला केलेल्या नवसाखातर तें उभारलें. तें ख्रिस्तसभेच्या मालकीचें नाहीं. परंतु तेथील मुलाच्या आईबापांस बिल येत नाहीं, खर्च देणग्यांतून भागतो. म्हणजे संताचें नांव पाहून इस्पितळ कोणाचें तें ओळखतां येत नाहीं, आणि कोणाचें तें कळलें तरी बिल येईल कीं नाहीं तें समजत नाहीं. बाईंच्या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग हा.

दुसरा अर्धा असा. भगिनी बिनपगारी राबत होत्या तोंवर गरिबाचा भार त्यांच्या अंगावर वांटला जात होता. आज वॉर्डांत क्वचितच एखादी भगिनी दिसते. संघांत नवीन मुली येईनाशा झाल्या तसतशीं त्यांचीं इस्पितळें एकत्र येऊन मोठमोठ्या संस्था बनल्या, आणि त्या प्रापंचिक व्यवस्थापक चालवितात. विनानफा म्हणून ह्या संस्थांना करमाफी असते. 1956 च्या नियमाप्रमाणें त्यासाठीं आपल्या ऐपतीप्रमाणें गरिबांवर मोफत उपचार करणें आवश्यक होतें. 1969 सालीं तो नियम सैल होऊन ‘समाजाचा लाभ’ एवढेंच पाहूं लागले. 2010 च्या कायद्यानें पुन्हां थोडा पीळ दिला : अशा प्रत्येक इस्पितळानें गरिबांस सवलत देण्याचे नियम लेखी ठेवावे, ते रोग्यास कळवावे, आणि इस्पितळ सोडल्यानंतरचें पहिलें बिल गेल्यापासून 240 दिवसांपर्यंत सवलतीचा अर्ज स्वीकारावा. नियम कसे करावे, परदेशी पाहुण्यास ते लागू करावे कीं नाहीं, हें मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलें आहे.

हें आम्ही वाचलें तेव्हां बिलावरील तारीख पाहिली. दोनशें दिवस होऊन गेले होते. त्याच सायंकाळीं बाईंना बोलावून घेतलें, मुलीस फोन लावला, आणि तो अर्ज मागविण्यास सांगितलें. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला लागतो. बाईंच्या नांवावर एक विहीर व थोडी वाडी आहे, त्याचा उतारा तलाठ्याकडून आणून आम्ही इंग्रजींत करून दिला. मुदतीच्या आंत नऊ दिवस राखून अर्ज पोंचला. हा मजकूर छापखान्यांत जाईपर्यंत उत्तर आलेलें नाहीं.